लहान गावातलं एपिस्कोपल चर्च: रविवार सोडून उरलेले सहा दिवस

प्रश्न थोडक्यात असा. मूळचं नगर जिल्ह्यातलं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब नोकरीनिमित्त अमेरिकेतल्या एका छोट्या गावात राहायला गेलं. सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, मंडळीत वाढलेली माणसं, म्हणून तिथल्या एपिस्कोपल (चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चमध्ये जाऊ लागली. रविवारी उपासनेला तीस-बत्तीस लोक, पाळक अर्धवेळ. जानेवारीच्या वार्षिक सभेत त्या घरातल्या ताईंना वेस्ट्रीवर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, निवडून दिलं आणि ‘आउटरीच’, म्हणजे गावातल्या लोकांसाठी करायचं काम, त्यांच्याकडे सोपवलं. त्या विचारतात, ‘हे चर्च चालतं कसं? आणि चर्चमध्ये नवी माणसं येतील असं कोणतं काम मी सुरू करू?’

ताई, पेनसिल्व्हेनियातल्या पाच हजार वस्तीच्या गावात अशाच एका चर्चची मी बावीस वर्षं सभासद आहे. वेस्ट्रीवर दोनदा होते, तीन वर्षं सीनियर वॉर्डन होते, आणि अकरा वर्षं गुरुवारची फूड पँट्री (गरजूंना फुकट धान्य-सामान देणारं केंद्र) सांभाळते आहे. त्यावरून लिहिते.

प्रश्नाच्या शेवटापासून सुरू करते. ‘नवी माणसं येतील’ हा हेतू आधी बाजूला ठेवा. पोरांसाठी दूध न्यायला आलेल्या बाईला आपल्याकडे कोण कशासाठी हसून बघतंय हे दारातच कळतं. अकरा वर्षांत पँट्रीतून रविवारच्या उपासनेत रमलेली कुटुंबं दोन, आणि त्या दोघांनाही आम्ही बोलावलं नव्हतं. शिवाय तुम्ही सरकारी योजनेतलं धान्य वाटणार असाल तर ते देण्यासाठी प्रार्थनेची किंवा उपासनेला येण्याची अट घालताच येत नाही, तसा नियमच आहे. मला तो नियम फार आवडतो. त्यानं आपलं मन स्वच्छ राहतं.

आता चर्च चालतं कसं ते. तुम्ही सीएनआयच्या, म्हणजे घर बदललंय, घराणं तेच आहे. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झालं, त्यात आपल्याकडचे अँग्लिकनही होते, आणि सीएनआय आज जागतिक अँग्लिकन परिवारात आहे. एपिस्कोपल चर्चही त्याच परिवारातलं. त्यामुळे तुमचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण इथं जसंच्या तसं मानलं जातं. गावाकडच्या पाळकसाहेबांकडून बदलीचं पत्र मागवून घ्या.

फरक आहे तो सभासदांच्या हातातल्या अधिकाराचा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणारे पाळक इथं चालणार नव्हते, म्हणून या चर्चला आपली घडी वेगळी बसवावी लागली. १७८९ साली फिलाडेल्फियात त्यांची घटना मंजूर झाली आणि तेव्हापासून चर्चच्या देशपातळीवरच्या धर्मसभेत साध्या सभासदांनाही मत आहे. गावपातळीवर तेच वेस्ट्रीत उतरतं. सीएनआयमधल्या आपल्या पास्टोरेट कमिटीसारखीच ती, पण पैसा आणि इमारत यांची जबाबदारी तिच्याकडे. रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, हवा असेल तर बिशपांशी बोलून वेस्ट्रीच त्याला बोलावते. सीनियर वॉर्डन पाळकांचा उजवा हात, ज्युनियर वॉर्डनकडे छप्पर, बॉयलर, गटारं. आल्टर गिल्डच्या बाया शनिवारी येऊन वेदीवरची वस्त्रं, मेणबत्त्या आणि पात्रं मांडतात. हे काम शांतपणे होतं आणि फार मनापासून होतं. एका शनिवारी त्यांच्याबरोबर नुसत्या बसा, चर्चचा निम्मा इतिहास तिथंच कळेल.

तीस-बत्तीस या आकड्यानं खचू नका. या चर्चच्या निम्म्याहून अधिक शाखांमध्ये रविवारी पन्नासपेक्षा कमी माणसं असतात. अर्धवेळ पाळक ही आता सर्रास गोष्ट आहे. पाळक नसतील त्या रविवारी सभासदांपैकी कुणीही १९७९ च्या प्रार्थनाग्रंथातून सकाळची प्रार्थना चालवू शकतं, आणि ती अगदी पुरेशी उपासना असते.

तुमच्याकडे माणसं कमी आहेत, पैसा कमी आहे, पण इमारत आहे. लहान गावात ही फार मोठी गोष्ट. शाळा चारला बंद होते, वाचनालय सहाला, आणि हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो. त्यानंतर पैसे न देता बसता येईल अशी उबदार जागा गावात किती आहेत ते मोजा. आमच्याकडे एकही नव्हती.

म्हणून पहिलं काम सांगते: वेस्ट्रीच्या पुढच्या बैठकीला एक कागद न्या. त्यावर आठवड्याचे सात दिवस आणि इमारतीतल्या खोल्या लिहा. कोणती खोली कधी वापरात असते, किल्ली कुणाकडे असते, हे भरा. आम्ही हे केलं तेव्हा दिसलं की तळघरातला मोठा हॉल आठवड्यात एकशे अडुसष्ट तासांपैकी फक्त तीन तास वापरात होता, आणि तो गरम ठेवायचं बिल मात्र पूर्ण भरत होतो.

त्या तीन तासांत काय चाललं होतं? मंगळवारी आणि शनिवारी रात्री दारू सोडू पाहणाऱ्यांची एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) बैठक. रविवारी येणाऱ्या कित्येकांना याची कल्पनाही नव्हती, कारण ते लोक मागच्या दारानं येत आणि निघताना खुर्च्या घडी करून ठेवत. एए १९३५ मध्ये सुरू झाली. तिचे एक संस्थापक बिल विल्सन यांच्यावर न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे रेक्टर सॅम्युएल शूमेकर यांचा मोठा प्रभाव होता आणि विल्सन यांनी तो मोकळेपणानं मान्य केला होता. म्हणजे एपिस्कोपल चर्चच्या तळघराचं आणि या बैठकांचं नातं जुनं आहे. तुमच्याकडे अशी बैठक भरत असेल तर तीच तुमची पहिली आउटरीच आहे, तिला धक्का लावू नका. एक बारकावा: ते लोक बाहेरच्यांची मदत घेत नाहीत, स्वतःचा खर्च स्वतः भागवतात, तसं त्यांचं तत्त्वच आहे. जागेचं थोडंसं भाडं ते देतील. ‘राहू द्या हो’ म्हणून परत करू नका, घ्या. आणि बैठकीच्या वेळी तळघरात काही आणायला म्हणून डोकावू नका. तिथं कोण बसलंय हे बघणं आपलं काम नाही.

नवीन काय सुरू करायचं हे बाहेरून ठरवू नका. तुमच्या तीस माणसांत कुणीतरी आधीच काहीतरी करत असतं. आमच्याकडे एक निवृत्त शाळाशिक्षिका दर शुक्रवारी स्वतःच्या खर्चानं तीन मुलांच्या दप्तरात शनिवार-रविवारचा खाऊ भरून देत होती, कारण शाळेतलं दुपारचं जेवण हेच त्यांचं धड जेवण आहे हे तिनं पाहिलं होतं. गवगवा नाही, समिती नाही. आमची पँट्री तिथून सुरू झाली. तिला आम्ही एवढंच विचारलं, ‘तीनऐवजी दहा करायची तर काय लागेल?’ ती म्हणाली, ‘फ्रीज.’

पँट्रीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक छोट्या चर्चचं हेच काम असतं आणि ते नीट होतंय की नाही हे बारीकसारीक गोष्टींवर ठरतं.

पहिल्या वर्षी आमच्या अर्जात चौदा प्रश्न होते. घरात किती माणसं, कमाई किती, नोकरी का गेली, घर भाड्याचं की स्वतःचं. चांगल्या हेतूनं आम्हीच ते लिहिले होते. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सत्तरीचे एक गृहस्थ आले. हात मोठे, जाड, आयुष्यभर यंत्रावर काम केलेले. त्यांनी पेन घेतलं, कागद वाचला, पेन परत टेबलावर नीट आडवं ठेवलं आणि काही न बोलता निघून गेले. मी पार्किंगपर्यंत मागे गेले, तोवर गाडी निघाली होती. ते परत आले नाहीत. नंतर गावात दोनदा दिसले, मला बोलायचा धीर झाला नाही. तो अर्ज मी लिहिला होता, ताई. अजून तो गुरुवार आठवतो.

आता आमच्या कागदावर नाव, गाव, घरातली माणसं आणि सही एवढंच आहे. आमच्या राज्यात सरकारी धान्यासाठी उत्पन्नाबद्दल माणसानं स्वतः सही करून सांगितलेलं पुरतं, पगाराची पावती मागावी लागत नाही. तुमच्या राज्यातला नियम तुमच्या भागातल्या फूड बँकेकडून (पँट्र्यांना धान्य पुरवणाऱ्या संस्थेकडून) समजून घ्या आणि नियमाला लागतं त्यापेक्षा एक शब्दही जास्त विचारू नका.

दुसरी गोष्ट, भरलेल्या पिशव्या हातात देऊ नका. डबे फळीवर मांडा आणि लोकांना निवडू द्या. सुरुवातीला वेळ जास्त लागतो, पण वाया जाणं कमी होतं, आणि निवडणारा माणूस ताठ उभा राहतो. मोटेलच्या खोलीत किंवा गाडीत राहणाऱ्यांकडे शेगडी नसते, डबा उघडायचा ओपनरही नसतो, म्हणून झाकण ओढून उघडणारे डबे वेगळे ठेवा. कडेच्या शिवणीवर चेपलेला किंवा फुगलेला डबा सरळ टाकून द्या, देणाऱ्याला वाईट वाटलं तरी. फ्रीजचं तापमान चाळीस अंश फॅरनहाइटच्या खाली आणि फ्रीझरचं शून्यावर राहिलं पाहिजे. त्याची वही फ्रीजलाच दोरीनं बांधून ठेवा, म्हणजे ती सापडते आणि भरली जाते.

गर्दी कधी होईल तेही आधीच कळतं. आमच्या राज्यात सरकारी अन्नमदतीचे पैसे महिन्याच्या पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांत कार्डावर जमा होतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रांग दुप्पट होते. त्या कार्डावर साबण, डायपर, टॉयलेट पेपर, सॅनिटरी पॅड यातलं काहीच घेता येत नाही. सभासद विचारतील ‘काय आणू?’ तेव्हा मक्याच्या डब्यांऐवजी या वस्तू सांगा. डायपर चार नंबरचे आणि त्याच्या पुढचे जास्त मागा, कारण भेट म्हणून सगळे तान्ह्या बाळाचेच आणतात.

कपडे धुणं हीसुद्धा अशीच, कुणाच्या लक्षात न येणारी अडचण. महिन्यातून एका संध्याकाळी आम्ही गावातल्या लाँड्रोमॅटमध्ये जाऊन बसतो. बँकेतून पंचवीस सेंटच्या नाण्यांच्या गुंडाळ्या आणतो, एका गुंडाळीत चाळीस नाणी, म्हणजे दहा डॉलर. येईल त्याच्या मशीनमध्ये नाणी घालायची, साबण द्यायचा. ही कल्पना आमची नाही, देशभर अनेक चर्च हे करतात. पण मला त्यातलं मोलाचं वाटतं ते मशीन फिरत असतानाचं अर्धा तास बसणं. पँट्रीत मी टेबलाच्या आत आणि समोरचा बाहेर असतो. इथं दोघंही प्लास्टिकच्या खुर्चीवर शेजारी, समोर कपडे गरगरतायत, आणि गप्पा आपोआप सुरू होतात. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा तुरुंगातून कधी सुटणार. आमच्या अर्धवेळ पाळकबाई महिन्यातली ती संध्याकाळ कधीच चुकवत नाहीत.

पैशाचं सांगते. शरद ऋतूत सभासद पुढच्या वर्षी किती देणार याची चिठ्ठी भरतात, त्यावर अंदाजपत्रक बसतं. त्यातला हिस्सा डायोसीसला (बिशपांच्या हाताखालच्या विभागाला) जातो, बराचसा पाळकांचा पगार आणि इमारतीत जातो, आणि आउटरीचचा रकाना शेवटी उरतो. तुम्ही वेस्ट्रीवर आहात तर एवढं करा: हा रकाना शेवटून वर आणा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण बॉयलर बिघडला की पहिली कात्री तिथं लागणार नाही असा ठराव करून घ्या. आमच्याकडे एका वर्षी हाच वाद झाला. दोन तास बैठक चालली, शेवटी हॉलची रंगरंगोटी पुढे ढकलली आणि पँट्री तशीच चालू ठेवली. पापुद्रे निघालेली ती भिंत अजून तशीच आहे, तिच्याकडे बघून मला बरं वाटतं.

याशिवाय पाळकांच्या हातात एक वेगळा निधी असतो. चर्चच्या कायद्यानुसार महिन्यातल्या एका रविवारी सहभागितेच्या (प्रभुभोजनाच्या) वेळी ताटात आलेलं, कशासाठी म्हणून नेमून न दिलेलं दान पाळकांकडे गरजूंसाठी जातं. कुणाचं विजेचं बिल थकलं, कुणाला इस्पितळात जायला पेट्रोल हवं, ते यातून. शक्यतो चेक वीज कंपनीच्या किंवा घरमालकाच्या नावानं निघतो. कुणाला दिलं हे पाळक वेस्ट्रीलाही सांगत नाहीत आणि तुम्ही विचारू नये. हिशेब मात्र दरवर्षी तपासला जातो. कागदपत्रांत आणखी दोन गोष्टी सोडू नका: मुलांशी किंवा वृद्धांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक मदतनीसाला डायोसीसचं सुरक्षिततेचं प्रशिक्षण, आणि इमारतीच्या विम्यात पँट्रीचा उल्लेख. कंटाळवाणी कामं आहेत, पण एका अपघातानं दहा वर्षांचं काम थांबू शकतं.

शेजाऱ्यांशी आधी बोला. ओरेगनच्या किनाऱ्यावर ब्रुकिंग्ज नावाचं गाव आहे, वस्ती सात हजारांच्याही आत. तिथलं सेंट टिमथी एपिस्कोपल चर्च बेघरांना जेवण देतं. कोविडच्या काळात इतर ठिकाणची जेवणं बंद पडली तसे त्यांनी दिवस वाढवले. आसपासच्या रहिवाशांनी तक्रार-अर्ज केला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नगर परिषदेनं ठराव केला की निवासी भागात असं जेवण आठवड्यातून दोनच दिवस देता येईल, तेही परवाना घेऊन. चर्चनं आणि डायोसीसनं जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयात दावा लावला. भुकेल्याला जेवू घालणं हाच आमचा धर्माचार आहे, हे त्यांचं म्हणणं. मार्च २०२४ मध्ये निकाल चर्चच्या बाजूनं लागला. २००० सालचा एक कायदा धार्मिक संस्थांच्या जागेच्या वापरावर अवाजवी बंधनं घालू देत नाही, त्याचा त्यांना आधार मिळाला.

मी हा निकाल वाचला तेव्हा डोळे भरून आले होते. तरीही तुम्हाला सांगेन की तीस माणसांच्या चर्चला दोन वर्षं कोर्टात उभं राहणं परवडत नाही. सुरू करण्याआधी समोरच्या आणि शेजारच्या घरांची दारं वाजवा. रांग कुठं लागेल, गाड्या कुठं थांबतील, कचरा कोण उचलेल, हे त्यांना सांगा आणि तुमचा फोन नंबर द्या. आमच्या शेजारच्या गृहस्थांचा सगळ्यात मोठा विरोध होता, कारण लोक त्यांच्या अंगणापुढे गाडी लावत. आम्ही आठवड्याला दोन खुंट्या आणि दोरी लावायला लागलो, आणि विरोध तिथंच मिटला.

वर्षभरात सणवारही येतील. लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी पॅनकेकचं जेवण, ऑक्टोबरात संत फ्रान्सिसच्या दिवशी कुत्र्या-मांजरांना आशीर्वाद, ख्रिसमसला भेटवस्तू. आनंदानं करा, गाव जमतं, ओळखी होतात. पण सगळी ताकद त्यात घालवू नका. डिसेंबरात मदत करायला सगळेच धावतात. फेब्रुवारीत बर्फ पडलेलं असताना दार उघडणारं कुणीतरी लागतं.

नियम म्हणाल तर मी एकच पाळते: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दार उघडं. अकरा वर्षांत आमचा एकच गुरुवार चुकला, पाइप फुटून तळघरात पाणी भरलं तेव्हा, आणि त्या दिवशीही दोघं जण छत्री घेऊन बाहेर उभे राहून आलेल्यांना किराणा दुकानाची कुपनं देत होते. महिन्यातून एकदाच जमणार असेल तर एकदाच करा. दर आठवड्याला म्हणून जाहीर करून तिसऱ्या आठवड्यात दार बंद ठेवू नका. मैलभर चालत आलेल्या माणसाला बंद दार दिसलं तर तो पुन्हा येत नाही, आणि इथं लहान गावात बस नसते.

नियमितपणाची ताकद काय असते ते आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत आल्या, गावोगाव बोलल्या, आणि १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चचे रेक्टर फिलिप्स ब्रुक्स तिच्या उपाध्यक्षांपैकी एक होते. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली आणि त्यांतल्या साध्या बायकांनी दहा वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचा शब्द दिला. त्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. इथल्या गावांतली माणसं तेव्हा आपल्या बालविधवांसाठी वर्षं मोजून पैसे पाठवत होती. गुरुवारी मी पँट्रीच्या दाराची किल्ली फिरवते तेव्हा पुष्कळदा हे मनात येतं.

माणसं थकतात, त्याचाही विचार करा. तुमच्या तीसांत कामाला उभी राहतील अशी सात-आठ, त्यांतली निम्मी सत्तरीच्या पुढची. जवळच्या लुथरन, मेथडिस्ट, कॅथलिक चर्चना विचारा. आमच्या पँट्रीत आज दर महिन्याचा तिसरा गुरुवार मेथडिस्ट मंडळी सांभाळतात. आणि ज्यांना अन्न देता त्यांनाच हाताशी घ्या. खोकी उतरवायला, फळ्या लावायला आमच्याकडे येणाऱ्यांतले पाच जण स्वतःही तिथूनच सामान नेतात. सुरुवातीला एका सभासदानं कुरकुर केली की हे योग्य दिसत नाही. मी म्हटलं, वेदीपुढे आपण सगळे हात पसरूनच जातो. त्यावर ते काही बोलले नाहीत, पुढच्या आठवड्यात मात्र खोकी उतरवायला आले.

एखादं काम थांबवावं लागलं तर नीट थांबवा. आमचं जुन्या कपड्यांचं दुकान चौथ्या वर्षी बंद केलं, कारण ते एकाच बाईंच्या जिवावर चाललं होतं आणि त्यांचे गुडघे गेले. दोन महिने आधी दारावर पाटी लावली, उरलेले कोट शाळेच्या नर्सकडे दिले, आणि रविवारी उपासनेत त्या बाईंना पुढे बोलावून सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

तुम्ही संकोचून विचारलंय, उपासनेनंतरच्या कॉफीला आपला एखादा पदार्थ नेला तर चालेल का. जरूर न्या. मी पहिल्यांदा शंकरपाळी नेली होती, आल्टर गिल्डच्या सगळ्यात वयस्कर बाईंनी रुमालात बांधून घरी नेली. करंज्या नेल्यात तर समोर चिठ्ठी ठेवा, गहू, दूध, खोबरं, काजू-बदाम जे असेल ते लिहून, कुणा ना कुणा मुलाला ॲलर्जी असतेच. आणि थोड्या गुरुवारसाठी डब्यात काढून ठेवा. खोकी उतरवणारे साडेतीनलाच येतात, बहुतेक कामावरून थेट, काही न खाता.